साहेबांचं उन्हाळी जंगल

"याच्या ढोरांनी सागाची रोपं खाल्ली, असा पंचनामा करा," साहेबांनी जीपमधूनच लखमाकडे बोट दाखवलं. "आणि याचा राब कायमचा बंद."

लखमा जामसरच्या पाड्यावरचा शेतकरी. मी तिथला रेंजर, म्हणजे वरून बोलणी आणि खालून शिव्या खाणारा. इथलं संस्थान विलीन झाल्यावर जंगलखात्याचे हे साहेब पुण्याहून आले. आमचं सगळंच त्यांना जुनाट वाटायचं.

राब म्हणजे हिवाळ्यात ऐनाच्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या आणि भाताचं रोप टाकायच्या जागेवर पावसाआधी भाजायच्या. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर घरात भात नाही. लखमाची पाच पोरं त्यावर जगत होती.

साहेब आदल्या वर्षीच्या एप्रिलात आले, तेव्हा ऐनावर पान नव्हतं. खाली लख्ख ऊन.

"इथे प्रकाशच प्रकाश आहे. झाडांखाली साग लावा. ही रानटी छाटणी थांबवा."

"साहेब, पावसात पानं येतात."

"मला शिकवू नका."

अहो, सागाला सावली सोसत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. छाटलेल्या ऐनाखाली निदान कवडसे पडतात, त्यावर रोप तग धरतं. छाटणी थांबली तसं दुसऱ्या पावसाळ्यात वरचं छप्पर मिटलं. साग पिवळा, लांबुडका होऊन आडवा पडला. पण साहेबांची फिरती नेहमी कोरड्या दिवसांत. बूट जपायचे ना!

या खेपेला सागाची रोपं मेली म्हणून भर श्रावणात यावं लागलं.

"पंचनामा जागेवरच लागतो," मी म्हटलं आणि त्यांना चिखलातून आत नेलं.

"रावसाहेब, सागाचा पाला ढोरा तोंडात तरी धरतात का?" लखमा विचारत होता. साहेबांनी ऐकलंच नाही.

पावसाने उघडीप दिली होती. बाहेर खाचरात ऊन चकाकत होतं. ऐनाखाली साहेबांनी सहीसाठी पंचनाम्याचा कागद डोळ्यांशी धरला. चष्मा पुसला. पुन्हा धरला. मग शिपायाला म्हणाले, "बॅटरी आहे का रे?"

"साहेब, दुपारचे बारा वाजलेत," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. मग कागद घडी करून खिशात घातला.

पंचनामा झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात लखमाने राब भाजला. साहेबांनी वर कळवलं की ऐन छाटल्याशिवाय खाली साग जगत नाही, हे बारकाईने पाहणी करून त्यांनी स्वतःच शोधून काढलं. काढलं बुवा. मी एवढंच शिकलो, की साहेबाला जंगल दाखवायचं तर पानं असताना दाखवावं. त्यांना बढती मिळाली, मुंबईच्या ऑफिसात. तिथे भर दुपारीही दिवे लावलेले असतात, त्यामुळे अडचण नाही.