पोटापर्यंत श्वास
हैदराबादेत मलकपेठच्या बसमध्ये माझा श्वासच पुरेना. मांडीवर दीड महिन्याची लेक. वाटलं, मी इथंच मेले तर हिला कोण बघेल? शेजारी बुरख्यातल्या एक खालाम्मा सुपारी कातरत होत्या. अडकित्ता ठेवून त्यांनी माझ्या पोटाला हात लावला आणि हसल्याच.

"पेट इत्ता कसके बांधे तो हवा किधर जाती, बेटी?"

बाळंतिणीचं पोट सुटू नये म्हणून सासूबाईंनी जुनं लुगडं घट्ट आवळलं होतं. खालाम्मांनी पदराआडून गाठ सैल केली, माझा हात लेकीच्या पोटावर ठेवला.

"देख, छोटी कैसा पेट फुलाती. वैसाच ले, आहिस्ता."

घेतला. हवा खालपर्यंत गेली आणि मला रडूच फुटलं.

"रो ले," त्या म्हणाल्या. "रोने को भी सांस लगती. अब है तेरे पास."