ऊस जागचा हलत न्हाय

आमच्या पणदऱ्याच्या घरात माझ्या नादाला एकच नाव आहे, भंगार. जुना रेडिओ आणला, भंगार. बंद पडलेला टेप आणला, तोही भंगार. बारामतीच्या भंगारवाल्याकडं गेले की तो बिचारा खुर्ची पुढं करतो, आणि घरी आले की माझे मिस्टर पिशवीकडं बघून न बघितल्यासारखं करतात. मला राग पटकन येतो हे सगळ्या आळीला ठाऊक आहे, त्यामुळं तोंडावर कुणी फारसं बोलत नाही. बोलायचे ते फक्त आबा, माझे सासरे.

हा नाद माहेरचा. इंदापूरला एस. टी. स्टँडजवळ माझ्या वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथंच. जुन्या रेडिओचं बटण फिरवलं की आवाज लगेच येत नाही. आतल्या काचेच्या नळ्या आधी तांबूस होतात, तापलेल्या धुळीचा वास सुटतो, आणि मग लांबून कुणीतरी चालत यावं तसा आवाज जवळ येत जातो. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. लग्न झालं, पोरं झाली, गोठ्यातल्या गाईंचं शेणघाण करता करता केस पांढरे व्हायला लागले, पण तो काटा काही गेला नाही. वडिलांनी दुकान बंद केलं तेव्हा मी तिथली एकच वस्तू मागून घेतली. लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, अँटेनाच्या पाइपसकट. भाऊ म्हणाला, ने बाई, तेवढीच जागा मोकळी होईल.

फोटोंचं वेड त्यानंतरचं. लेकानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्याकडं आला. थोड्या थोड्या वेळानं एकेक फोटो काढत राहायचं आणि नंतर ते सगळे भराभर पळवायचे, एवढंच ते तंत्र. पहिला प्रयोग खिडकीतल्या गोकर्णीच्या वेलावर केला. आपल्याला वाटतं वेल नुसता वर चढतो. अहो, कसला चढतोय! अंधारात माणूस दिव्याचं बटण चाचपडतो तसा तो शेंडा गोल गोल फिरवून दोरी शोधत होता. सापडली, तशी त्यानं पकडली. मी ते बघत बसले आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. रोज त्याला पाणी घालत होते मी, आणि तो असं काही करत असतो हे मला माहीतच नव्हतं.

मग मनानं घेतलं, उसाचं करायचं. लावणीपासून तोडीपर्यंत. आबा तेव्हा ठणठणीत होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, टोपी, आणि रोज सकाळी बांधावरून एक फेरी, मग पाऊस असो नाहीतर ऊन. त्यांना सांगितलं तर ते सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत हसले.

"सूनबाई, उसाचा काय शिनिमा काढतीस? ऊस जागचा हलत न्हाय."

मला जे लागलं ते लागलं. दुधाची एक जुनी ॲल्युमिनियमची किटली आडवी केली, तोंडाला काच बसवली, आत कॅमेरा. ठरल्या वेळानं बटण दाबायला जुन्या स्टॅबिलायझरमधला रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारी कळ, काढून बसवला. तो दर वेळी टक्‌ करून वाजायचा. रानात खुरपायला आलेल्या बायकांना वाटायचं पाल चुकचुकली, की त्या बोटानं जमिनीवर टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणायच्या. मी खरं काय ते सांगितलं, तरी सोडलं नाही त्यांनी.

आता किटली उंचावर बसवायची कशावर? अँटेनाचा पाइप होताच. पण रोवायचा कुठं, इथं घोळ झाला. सगळ्यात चांगली जागा म्हणजे बांध. पण बांधापलीकडचं रान आमच्या चुलत दिरांचं. बांधावर लोखंडी पाइप उभा केला असता तर त्यांना वाटलं असतं, हद्दीची खूण रोवली. मग मोजणीवाला, मग बोलाचाली, मग वर्षभर एकमेकांच्या दारात हळदीकुंकू बंद. नको ती कटकट म्हणून मी पाइप आमच्याच रानात रोवला, बांधाला लागून असलेल्या पहिल्या वरंब्यावर. दोन सऱ्यांच्या मधली उंच माती, चांगली घट्ट. आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी आले.

ऊसकऱ्याच्या घरात एवढी वर्षं काढून मी हे विसरले की मोठ्या बांधणीला वरंबा राहतच नाही. ऊस गुडघ्याच्या वर गेला की वरंबे फोडून ती माती उसाच्या बुडाला लावतात. उंचवट्याची सरी होते आणि त्यातनं पाणी वाहतं. ट्रॅक्टरवाल्यानं माझी कीव करून पाइपाभोवती मातीचा ढिगारा तेवढा सोडला, म्हणून उन्हाळाभर तो सरळ राहिला. मी बांधावर शिडी लावून कॅमेऱ्यातलं कार्ड बदलत राहिले आणि सगळं ठीक आहे असं समजत राहिले.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी आबा पाणी बघायला कालव्याच्या चारीवर गेले आणि शेवाळावरून पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. बारामतीत ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, बसवा, उभं करा, वॉकर धरून चालवा, नाहीतर ते खाट धरतील ते कायमची. आणि आबांनी नेमकं तेच केलं. मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. व्यायाम घ्यायला माणूस यायचा, त्याला परत पाठवायचे. मिस्टर रोज येऊन उसाचं सांगायचे, कांडी चांगली भरलीय, पेरं लांब पडलंय. आबा म्हणायचे, "आसंल." मोबाईलवर फोटो दाखवला तर डोळे मिटून घ्यायचे. मोबाईलमधलं सगळं खोटं, हे त्यांचं जुनंच मत.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. खाटेवर त्यांची मांडी बाळाच्या मांडीएवढी बारीक दिसायला लागली. मी जेवण भरवताना भांडायचे, रडायचे, पुन्हा भांडायचे. डॉक्टरांनी मिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं की आता बसले नाहीत तर पुढं अवघड आहे. 

कारखान्याची तोड जवळ आली तशी मी सगळी कार्डं काढून फोटो जोडायला बसले.  काळी माती होती, तिला पोपटी टोकं फुटली. पाणी यायचं, चकाकायचं, जिरायचं. दुपारी उन्हात पानं मिटून सुईसारखी व्हायची आणि ऊन उतरलं की पुन्हा उघडायची, रोजच्या रोज, सगळं रान एकदम. छाती वरखाली व्हावी तसं. आम्ही त्यातनं चाललोय, बोलतोय, शिव्या देतोय, आणि ते आमच्याभोवती श्वास घेत होतं.

मग मला कडेला एक पांढरा ठिपका दिसला. बांधावर. आता इथं, आता तिथं, मग नाही, मग पुन्हा. आबा होते ते. त्यांची सकाळची फेरी. ऊस वाढत होता आणि ठिपका येत होता. मग उन्हाळ्याच्या शेवटाला ठिपका यायचा थांबला. त्यानंतर पावसानं पाइपाच्या बुडाची माती वाहून गेली असणार, कारण सगळं रान हळूहळू एका अंगाला कलत गेलं. बांध कलला, क्षितिज कललं, आभाळ तिरपं झालं. मला स्वतःचा असा संताप आला की काय सांगू. कॉम्प्युटरवर ते सरळ करता आलं असतं, पण त्यात कडा कापल्या गेल्या असत्या, आणि आबा कडेलाच होते.

दाखवावं का, हा प्रश्न होता. ज्या माणसानं आशा सोडलीय त्याला त्याचीच रिकामी जागा दाखवायची? मिस्टर नको म्हणाले. मी म्हणाले, रोज भिंत बघण्यापेक्षा काय वाईट आहे.

माहेरचा तो टीव्ही आबांच्याच खोलीत होता, वर गोधड्यांची चळत ठेवलेला. त्यातले फुगलेले कंडेन्सर बदलले, भंगारातल्या व्हीसीआरमधली एक डबी काढून नव्या चित्राची जुन्या टीव्हीशी गाठ घालून दिली, आणि एका दुपारी पडदा ओढून लाकडी शटर सरकवलं. बारीक गुणगुण सुरू झाली. काच हळूहळू उजळली. आवाज ओळखीचा होता म्हणून असेल, आबांनी भिंतीकडची मान वळवली.

काळ्यापांढऱ्या पडद्यावर ऊस उगवायला लागला.  आबांची पापणी हलत नव्हती.

"त्यो बांधावर कोन हाय?"

"तुमीच हाय, आबा."

ते बघत राहिले. ठिपका आला, गेला, आला. मग यायचा थांबला. ऊस तसाच वाढत होता.

"आन आता कुठं गेलो?"

मिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी बोलून गेले.

"खाटंवर."

 पडद्यावर रान कलायला लागलं. आबांनी हात पुढं केला, जसं काही पडणारं भांडं धरायचं आहे. हात पोचेना, तसे ते कोपरावर उठले. मिस्टर धरायला पुढं झाले, मी त्यांचा दंड घट्ट पकडून ठेवला. आबांनी दुसरा हात खाटेच्या कडेला टेकवला, दात आवळले, आणि बसले. स्वतःहून बसले. धापा टाकत टीव्हीकडं बघत म्हणाले,

"हलतोय की गं. जलमभर ह्याच्यात हिंडलो, आन हलताना आज बघितला."

मला रडू आवरेना. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. आणि पुन्हा. तिसऱ्यांदा बघताना त्यांचे पाय खाली जमिनीला टेकलेले होते, हे त्यांच्याही ध्यानात नव्हतं. संध्याकाळी त्यांनी वॉकर कुठं ठेवलाय म्हणून विचारलं. ठेवला होता तिथंच होता, खाटेच्या पायाशी.

तोडीच्या दिवशी मिस्टरांनी त्यांना गाडीतून बांधापर्यंत नेलं. पुढचं थोडं अंतर ते वॉकर धरून गेले, मध्ये दोनदा थांबून. मी पाइप सरळ करायला निघाले तर म्हणाले, राहू दे, आता शेवटच हाय. त्यांच्यासाठी बांधावर खुर्ची ठेवली.

त्या दिवसाचं शेवटचं कार्ड मी अजून जपून ठेवलंय. रान तिरपं आहे, बांध तिरपा आहे. ऊसतोडीची टोळी पळतेय, उसाच्या ओळी झुलतात आणि आडव्या होतात, ट्रॉली भरते, जाते, दुसरी येते, ढगांच्या सावल्या धावतात. सगळं नुसतं पळतंय. आणि कडेला खुर्चीत एक पांढरा ठिपका आहे, ऊस बघत बसलेला. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत एकेक फोटो लावून बघितला मी, तो जागचा हलत नाही.