पूर्ण पत्त्याचा माणूस

आमच्या टीम लीडरइतका पत्त्याचा पक्का माणूस अख्ख्या गुरुग्राममध्ये सापडायचा नाही. हा पठ्ठ्या नुसता ‘चहा’ कधी मागत नाही. "तिसरा मजला, पँट्री, डावीकडचं मशीन, चहा" असं म्हणतो. मला हाक मारायची तर "पुणे, टेस्टिंग, खिडकीजवळचा जोशी!" अहो, ऑफिसात जोशी मी एकटाच! करोल बागेत एकदा रिक्षावाल्याला याने राज्यापासून पत्ता सांगायला घेतला, तेव्हा तो बिचारा हात जोडून म्हणाला, "भाईसाब, बैठना है कि नहीं?"

हे खूळ प्रोग्रामिंगमधलं. आमचा कोड म्हणजे एकात एक ठेवलेले डबे. प्रोग्राम चालू असताना, नुसत्या नावावरून, आतल्या डब्यातला कॉन्स्टंट, म्हणजे नाव दिलेली पक्की किंमत, हुडकून काढायचा असतो. "आत नाही मिळाला," तो नव्या पोरांना बजावतो, "तर ही भाषा गुपचूप बाहेरच्या डब्यातला त्याच नावाचा उचलून आणते. चूक कळतसुद्धा नाही यार! म्हणून पूर्ण पत्ता द्यायचा."

साताऱ्याहून त्याचे वडील, नाना, राहायला आले. त्यांना विसर पडू लागला होता, दोन महिने ते पोटच्या पोराला "तुम्ही कोण?" विचारत होते. याने हरियाणापासून फ्लॅटपर्यंतचा पत्ता लिहून त्यांच्या खिशात ठेवला. एका सकाळी नाना सदरा बदलून फिरायला गेले आणि चिठ्ठी राहिली जुन्या सदऱ्यात. त्यांना आठवत होतं एवढंच: बी टॉवर, चारशे दोन. आणि इथे तर सोसायटीगणिक बी टॉवर! आम्ही ऑफिस टाकून धावलो. एकेक गेट पालथं घालत चौथ्या सोसायटीच्या चारशे दोनमध्ये पोचलो, तर नाना एका पंजाबी आजींकडे मजेत पराठा खात बसलेले. "बेटा, दरवाज़ा खोला तो अंदर आकर बैठ गए," आजी म्हणाल्या. "हमने कहा, बैठो."

"सर, बाहेरचा डबा!" मी म्हणालो. मेलं माझं तोंड! तो हसला नाही. नानांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "बाळ्या, आज ऑफिस नाही वाटतं?" पंचेचाळिशीचा तो माणूस परक्या घरात ढसाढसा रडला.

नाना जाऊन आता वर्ष झालं. पूर्ण पत्त्याचं खूळ आहे तसंच आहे. परवा चहा पिताना मात्र म्हणाला, "जोशी, मला नुसतं बाळ्या म्हणणारं आता कुणी उरलं नाही रे."

हाक अगदी ओठांवर आली होती माझ्या. पण साहेबाला कसं म्हणणार? "सर, चहा गार होतोय," एवढंच म्हणालो.