राखेतली दाढ

बायकोला जाळलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. हाडं वेचून मडक्यात घालायची अन् सारं पूर्णा नदीत सोडायचं, ही आमच्याकडची रीत. वेचताना तिची एक दाढ हाती लागली. ती मी मडक्यात नाही, खिशात टाकली. घरी येऊन चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवली. कोणाला बोललो नाही.

महिन्याभरानं फळी झाडताना डबी लेकीच्या हाती लागली.

"बाबा, हे काय करून ठेवलं? मायचा जीव अटकून राहीन ना याच्यात! नदीत सोडून या."

"नाई सोडत."

आठ दिवस घरात हीच कटकट.

तेवढ्यात लेकीची पोरगी सुटीत अकोल्याहून आली. ती तिथं बियाण्याचं शास्त्र शिकते. तिनं मोबाइलवर दाखवलं : हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा दात कोरतात, अन् त्या भुकटीतल्या डीएनएवरून तो कोणाच्या वंशातला ते सांगतात. म्हणे पूर्वी आपल्याहून वेगळ्या घडणीची माणसंही होती. ती सारी संपली, पण त्यांचा थोडा अंश आपल्या अंगात अजून आहे.

"अन् हे सोयरीक कोनं जुळवली?" मी विचारलं.

"आबाजी, तुमी बी ना!"

मी उठलो, डबी आणून तिच्या हातात दिली. "याच्यात तुही आजी हाय का, पाहून सांग."

पोरीनं दाढ तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली. "आबाजी, ते दात मातीत पुरलेले असतात, नाईतर थंड्या गुहेतले. हे जळलं हाय. आगीत सारं जाते. आजीचं याच्यात कायीच नाई उरलं."

खरं बोलली. तिचा राग नाही. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सकाळी लेक पुन्हा सुरू झाली, "आता तरी सोडून या, बाबा."

"तुह्याच पोरीनं सांगतलं, याच्यात तिचं कायी नाई. मंग जीव कशात अटकून राहिला?"

डबी राहिली माझ्याजवळ.

लेकीनं माझ्याशी भांडायला पाहिजे होतं. पोरीले काय समजते, माय हाय याच्यात, असं म्हणायला पाहिजे होतं. मी थोडा वेळ वाट पाहिली. ती भांडी घासायला उठून गेली.