नाव कुणाच्या नावावर?

चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत सर विचारायचे, "नाव कुणाच्या नावावर?" गिऱ्हाईक गोंधळायचं. वेबसाइटचं नाव घ्यायला आलेल्या माणसाला तो प्रश्न तलाठ्याने विचारल्यासारखा वाटायचा.

परभणीत स्टेशन रोडला माझी प्रेस आणि शेजारी त्यांचं संगणकाचं दुकान. आधी ते संगणकाचे क्लास घ्यायचे, म्हणून सगळ्यांचे ते सर. माझ्याकडे कार्ड छापायला आलेला माणूस वेबसाइटचं नाव नोंदवायला त्यांच्याकडे जायचा. पहिल्यांदा सगळ्यांना डॉट कॉमच पाहिजे असायचं. मग डॉट इन सगळ्यांना मिळायला लागलं, तर लोक विचारायचे, "सर, हे बाहेरगावी चालतं ना?"

असा धंदा करणारे तुमच्याही पाहण्यात असतील. पुष्कळ जण गिऱ्हाइकाचं नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदवतात. मग गिऱ्हाईक जन्माचं बांधलेलं. सर ते करत नसत. ईमेल गिऱ्हाइकाचा, मोबाइल गिऱ्हाइकाचा आणि गिऱ्हाईक पासवर्ड टाकत असताना सर भिंतीकडे तोंड करून बसायचे.

एकदा पालमहून एक बाई नवऱ्याबरोबर आली. घरची मेंढरं, घरीच विणलेली घोंगडी. सरांनी प्रश्न विचारला.

"तुमच्याच नावावर ठेवा," ती म्हणाली. "आमाला त्यातलं काय कळतंय?"

"लेकरू तुमचं आणि बाप म्हणून माझं नाव लावता का?"

नवरा खाली बघून हसला. बाई मात्र लाजली नाही. म्हणाली, "मग माझ्या नावावर करा. विणते मी."

पुढे घोळ झाला तो स्पेलिंगचा. 'घोंगडी' इंग्रजीत नवऱ्याने एक लिहिलं, मी दुसरं, सरांनी तिसरं. सर म्हणाले, "जाऊ द्या. आता आपल्या अक्षरांतही नाव मिळतंय." त्यांनी मराठीत नाव टाकलं, शेवटी डॉट भारत. बाई चौथीपर्यंत शिकलेली. पडद्याजवळ जाऊन तिने अक्षर अक्षर लावून ते वाचलं. मग नवऱ्याला म्हणाली, "हे मला वाचता यायलंय."

त्या नावावर लांबलांबून मागणी यायला लागली. मग एक दिवस शहरातला एक व्यापारी सरांकडे आला. मी तिथेच चहा पीत होतो.

"ते नाव माझ्याकडे वळवून द्या," तो म्हणाला. "तुमचंही बघू."

"नाव बाईंच्या नावावर आहे. त्यांना विचारा."

"त्यांना काय कळतं त्यातलं?"

सरांनी तिथेच फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काय मागणी आहे ते सरळ सांगितलं. तिकडून मेंढरांचा आवाज येत राहिला.

"सर, ते नाव गेलं तर गिऱ्हाईक कुणाकडं जाईल?"

"यांच्याकडे."

"मग त्यांना म्हणावं, घोंगडी लागंल तेवढी न्या. नाव न्हाई द्यायचं."

व्यापारी गेल्यावर सर कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. मला म्हणाले, "बघितलं? लय भारी बोलली."

मागच्या हिवाळ्यात सर हृदयविकाराने गेले. मला वाटलं, आता लोकांची नावं अडकतील. एकाचंही अडकलं नाही. दरवर्षी मुदत संपत आल्याचे निरोप ज्याचे त्याच्या मोबाइलवर जात होते.

उन्हाळ्यात ती बाई एकटीच आली. शटर बंद बघून माझ्याकडे वळली. मी सांगितलं तशी ती पायरीवरच बसली. मग तिने मोबाइल पुढे केला. नावाची मुदत वाढल्याचा निरोप होता.

"औंदा माझं मीच केलं," ती म्हणाली. "सरांना दाखवायला आले होते."

मी पाणी दिलं. ती दोन घोट प्याली आणि म्हणाली, "त्यांचं नाव काय होतं हो? आमी नुसतं सर म्हणत राहिलो."

मी सांगितलं. तिने ते एकदा हळूच म्हणून बघितलं, पदर सावरला आणि पालमच्या गाडीला निघाली.