अकरा राउंड आणि देवळातली घंटा

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझ्या पोटात दुखेल, म्हणून परतीच्या एसटीतच टाइप करतेय. गाडी हलतेय, चुका सांभाळून घ्या.

विषय असा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. मी जन्मायच्या आधी तिथल्या जत्रेत बॉक्सिंगची मॅच झाली होती. दोघं फौजी, दोघं सुट्टीवर आलेले. एक माझे पप्पा, दुसरे ओंकारचे वडील. ओंकार माझ्याच कॉलेजात आहे. तीन राउंडची मॅच म्हणे अकरा राउंड चालली आणि शेवटी एका ठोशात पप्पा आडवे. गेल्या महिन्यात गावाने त्या ठोशाचा फोटो मोठा करून देवळाच्या सभामंडपात लावला. ओंकारने तो चार दिवस रोज स्टेटसला ठेवला, 'अकरा राउंडची ऐतिहासिक लढत'.

मी जळले. खोटं कशाला बोलू. ठरवलं, गावी जायचं, तेव्हाच्या माणसांना गाठायचं आणि ही मॅच एवढी काही भारी नव्हती हे शोधून काढायचं. पप्पांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "तू जाऊन ये. आत्याला विचारलंय म्हणून सांग."

पनवेलहून सकाळची गाडी. दासगावला सावित्री दिसली, काठाला म्हशी, पाणी एकदम संथ. महाडला वडापाव खाता खाता ओंकारशी फोनवर भांडत होते, त्याच नादात समोरच्या गाडीत चढले आणि थेट भलत्याच वाटेवरच्या नाते गावात पोचले.

"पोलादपूरची गाडी शेजारीच उभी होती गो," कंडक्टर म्हणाले. "उतर. हितनं परत महाडला टमटम मिळंल."

दीड तास गेला. तोही मी ओंकारच्याच नावावर टाकला.

दुपारी देवळात पोचले. फोटो खरंच भारी आहे, तेच तर दुखणं. ओंकारच्या वडिलांचा हात सरळ सुटलेला, पप्पांची मान मागे. पण पप्पांचे दोन्ही हात खाली. फौजी बॉक्सर हात खाली कशाला सोडेल?

पायरीवर गुरव (देवळाचे पुजारी) आजोबा बसले होते. विचारलं, "अकरा राउंड झाले कसे?"

"तीनच ठरलेले. राउंडची घंटा मीच वाजवायचो, ही देवळातली. पन जत्रेचा दिस. दर्शनाला आलेली मानसं घंटा न वाजवता जातील?"

"म्हणजे लोकांच्या घंटेवर राउंड संपायचे?"

"संपायचे, चालू बी व्हायचे. एक राउंड तर शिंक येईस्तोवर झाला."

"मग त्या घंटा धरायच्याच नाहीत ना."

मी चपला घालून गाभाऱ्यात शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "देवाची घंटा. खोटी कशी म्हनायची?"

मला कोण आनंद. ओंकारला लगेच मेसेज टाकला, अकरा राउंड बोगस. त्याचं उत्तर, "असू दे. पडले तर तुझेच पप्पा ना?"

संध्याकाळी आत्या चुलीपाशी नाचणीच्या भाकऱ्या करत होती, शेजारी वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची आमटी) रटरटत होतं. आत्या पप्पांची धाकटी बहीण. तिला मोबाइलवर फोटो दाखवला. "आत्या, पप्पांचे हात खाली का गं?"

तव्यावरची भाकरी करपली तरी ती बघत राहिली.

"मी वाजवलेली."

"काय?"

"घंटा. दादा जिंकू दे म्हनून साकडं घालायला गेलेले. त्याला वाटलं राउंड संपला. त्यानं हात सोडले आन् तिकडनं ठोसा सुटलेला." पदराने तोंड पुसत म्हणाली, "कुनाला बोलले नाय आजवर. दादाला कळू देऊ नको."

मी परड्यात (घरामागच्या मोकळ्या जागेत) जाऊन पप्पांना फोन लावला. आत्याचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, तुम्ही हात का सोडले होते?

पप्पा म्हणाले, "बोलली वाटतं तुझी आत्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"घंटा झाली म्हणून वळून बघितलं. टाचा उंच करून उभी होती, हात अजून घंटेवर."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गावाने जन्मभर तिला टोमणे मारले असते. त्यापेक्षा मी हरलेला बरा."

फोन आत नेऊन आत्याच्या हातात दिला आणि मी बाहेर येऊन थांबले. बऱ्याच वेळाने ती आली, डोळे लाल. "लिव तू सगळं. नायतरी तुझ्या पोटात काय राहत नाय."

आता दासगाव मागे गेलं. ओंकारचा मेसेज आलाय, "मग, काय सापडलं?" त्याला ही लिंकच पाठवणार आहे.

जळणं मात्र थांबलेलं नाही. जाताना ओंकारवर जळत होते, येताना आत्यावर जळतेय. माझ्या सख्ख्या भावाने निघायच्या आदल्या रात्री माझा चार्जर लंपास केला आणि आईसमोर शपथ घेऊन नाही म्हणाला. फोन नऊ टक्क्यांवर आलाय, म्हणून पटकन विचारते. एकावर जळत घराबाहेर पडलात आणि भलत्याच माणसावर जळत परत आलात, असं तुमचं कधी झालंय का?