राखणदाराचा कोंबडा

भिजवलेल्या कोंड्याचा आंबूस वास आला की लाटंबार्शातलं आमचं परस आठवतं. गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराला मला पणजीत नोकरी लागली. त्यासाठी आईने गावच्या राखणदार देवाला कोंबड्याचा नवस बोलला होता आणि दोन महिन्यांच्या पिलांतला एक त्याच्या नावाने ठेवला होता. तुरा लाल होऊन तो अंगाने भरला की कापायचा. मला ते पटेना. संध्याकाळी दाणे टाकताना मी त्याला तेवढं डालीखाली झाकून ठेवू लागलो. खुराड्यात कोंडण्याआधी आई अधूनमधून प्रत्येक पिलाच्या गळ्याखालची पिशवी चाचपून बघायची. एकदा तिने विचारलं, "सगळ्यांचो गळो भरलेलो, ह्याचोच रितो कसो रे?" मी सांगून टाकलं, "मीच उपाशी ठेवतंय. वाढलो तर तू कापतलंस." "देवाक शब्द दिलेलो आसा." "शब्द तू दिलंस, मान त्याची कित्याक?" आईने मूठभर तांदूळ आणून त्याच्यापुढे टाकले आणि रविवारी राखणदाराकडे नुसता नारळ घेऊन गेली. त्या मुक्या जिवाला महिनाभर अर्धपोटी ठेवल्याची टोचणी मला आजही आहे. आईला उलट बोलल्याची नाही.